खुनाच्या खटल्यातील कबुलीचा सौदा आणि आरोपीचा वकील

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतील इडाहो राज्यात चार विद्यार्थ्यांचा खून करणाऱ्या ब्रायन कोहबर्गरने खटल्याच्या तोंडावर गुन्हा कबूल केला आणि त्या बदल्यात त्याची फाशी टळली, याला न्याय म्हणायचे की व्यवहार? असा व्यवहार आपल्याकडे खुनाच्या खटल्यात चालतो का? आणि अशा माणसाचे वकीलपत्र वकील कोणत्या तोंडाने घेतात, तुम्ही घेतले असते का?

मी तीसहून अधिक वर्षे सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो आहे. त्यातील काही वर्षे सरकार पक्षातर्फे आणि बाकी सगळी आरोपीतर्फे गेली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की हे तीन प्रश्न मुळात एकच आहेत. कबुलीला किती किंमत द्यायची हे ती देणाऱ्याच्या शेजारी कोणता वकील उभा होता यावर ठरते, आणि आपली सार्वजनिक चर्चा नेमक्या त्याच माणसाला शिव्या घालून थांबते.

आधी इडाहोचे पाहू. १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे मॉस्को या विद्यापीठाच्या गावातील एका भाड्याच्या घरात चौघांचा चाकूने खून झाला. आरोपी शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात गुन्हेगारीशास्त्राचाच संशोधक विद्यार्थी होता. चाकू सापडला नाही. मात्र चाकूचे म्यान बिछान्यावर राहून गेले होते आणि त्याच्या बटणावर डीएनए मिळाला. गावातील जनमत तापलेले असल्यामुळे खटला बॉइसी या राजधानीच्या शहरात हलवण्यात आला. आरोपीच्या वकील ॲन टेलर यांनी फाशीची शक्यताच रद्द व्हावी म्हणून एकामागून एक अर्ज केले, त्यात आरोपीला ऑटिझम असल्याचाही मुद्दा होता. न्यायाधीश स्टीव्हन हिपलर यांनी ते फेटाळले. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीची निवड सुरू व्हायची होती, आणि त्याआधीच, २ जुलै रोजी, आरोपीने चारही खून कबूल केले. २३ जुलै रोजी त्याला एकापाठोपाठ एक भोगायच्या चार जन्मठेपा झाल्या, पॅरोलची शक्यता न ठेवता, आणि अपिलाचा हक्कही त्याने सोडून दिला.

मृतांची कुटुंबे एकमताची नव्हती. एका कुटुंबाने सरकारी वकील बिल थॉम्प्सन यांच्यावर जाहीर आगपाखड केली, तर दुसऱ्या कुटुंबातून, वर्षानुवर्षांच्या अपिलांतून सुटलो, अशी भावना व्यक्त झाली. तिकडील कायद्याप्रमाणे सरकारी वकिलाने नातेवाइकांशी बोलणे अपेक्षित असते, परंतु सौदा रोखण्याचा अधिकार त्यांना नसतो. माझ्या मते लोकांच्या रागाचे खरे कारण फाशी टळणे हे नव्हतेच. खून का केले, हीच मुले का निवडली, हे सांगण्याची अट त्या करारात घातलेली नव्हती, आणि शिक्षेच्या दिवशी बोलण्याची संधी दिली तेव्हा आरोपीने नम्र शब्दांत नकार दिला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीसुद्धा न्यायाधीशांनी त्याला निदान कारण सांगायला लावावे असे म्हटले होते. न्यायाधीशांचे म्हणणे वेगळे होते: 'का'च्या मागे लागल्याने आपणच त्या माणसावर अवलंबून राहतो आणि प्रकाशझोत त्याच्यावर पडतो. हे म्हणणे शहाणपणाचे आहे हे मला मान्य आहे, पण ज्याची मुलगी गेली त्या बापाला ते पुरेसे नाही.

याउलट सिएटलचे उदाहरण पाहा. २००३ मध्ये गॅरी रिजवे याने ४८ स्त्रियांच्या खुनांची कबुली दिली आणि त्याचीही फाशी टळली. त्या जिल्ह्याचे सरकारी वकील नॉर्म मेलेंग यांनी पूर्वी फाशीचा सौदा करणार नाही असे सांगितलेले होते, आणि शब्द फिरवल्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु त्यांनी मोबदल्यात घेतले काय, हे पाहावे लागते: आरोपीने महिनोन्‌महिने तपास अधिकाऱ्यांना उत्तरे दिली, मृतदेह टाकल्याच्या जागा दाखवल्या, आणि खटला चालून एरवी फार तर सात खुनांचा निकाल लागला असता तिथे इतर अनेक घरांना आपल्या लेकीचे काय झाले ते कळले. दोन्हीकडे फाशीच्या बदल्यात कबुली मिळाली. एका ठिकाणी सरकारने फक्त सही घेतली, दुसऱ्या ठिकाणी माहिती घेतली. सौदा व्हावा की नाही यावर वाद घालण्याऐवजी सौद्यात काय मागितले हे विचारले, तर बरेच काही हाती लागेल.

अमेरिकेत हा मार्ग अपवादाचा नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ मध्ये नमूद केले की संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून होते. चित्रपटांतून दिसणारा ज्युरीसमोरचा खटला ही प्रत्यक्षात दुर्मीळ गोष्ट आहे. आणि या पद्धतीचा काळा कोपराही तेथेच पाहायला मिळतो. नॉर्थ कॅरोलायनामधील हेन्री आल्फर्ड याच्यावर खुनाचा आरोप होता. त्याने न्यायालयात सांगितले की मी मारलेले नाही, पण फाशी होईल या भीतीने मी गुन्हा कबूल करतो. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कबुली वैध ठरवली, कारण त्याच्याविरुद्ध पुरावा सबळ होता आणि त्याला वकिलाचा सल्ला मिळालेला होता. तेव्हापासून 'आल्फर्ड कबुली' हा शब्दच रूढ झाला. त्याच वाटेने २०११ मध्ये आर्कान्सामधील तीन लहान मुलांच्या खुनात दोषी ठरलेले तिघे तरुण, ज्यांतील एक फाशीच्या कोठडीत होता, अठरा वर्षांनंतर बाहेर आले: आम्ही निर्दोष आहोत असे सांगत, आणि कागदावर दोषी राहून. राज्याला नुकसानभरपाईच्या दाव्याची भीती उरली नाही, तरुणांना घर मिळाले, आणि त्या तीन लहान मुलांना कोणी मारले हा प्रश्न न्यायालयाच्या पायरीवरच राहिला.

येथे मला माझा एक जुना खटला सांगावासा वाटतो, कारण 'कबुली' या शब्दावर माझा विश्वास किती आहे आणि किती नाही, हे त्यावरून समजेल. विधी सेवा प्राधिकरणाकडून माझ्याकडे आलेला आरोपी कोरडवाहू शेतकरी होता. बांधाच्या वादात त्याच्या हातून थोरला भाऊ गेला होता. दोषारोप ठेवण्याच्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला मराठीतून आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारले. पिंजऱ्यातून हात जोडून तो म्हणाला, "होय साहेब, मारलं मी त्याला." न्यायालयातील कारकुनाने मान वर केली. सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिले. न्यायाधीश जुन्या वळणाचे होते, त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "मारलं म्हणजे काय केलंस?" तो म्हणाला, "दांडा मारला. मरंल असं वाटलं नव्हतं." न्यायाधीशांनी 'गुन्हा कबूल नाही' असे लिहून घेतले आणि साक्षीपुराव्यासाठी तारीख दिली.

आपल्या भाषेत मारणे म्हणजे फटका देणे आणि मारणे म्हणजे जीव घेणे. भारतीय दंड संहितेचे कलम ३०२ (खून) आणि कलम ३०४ चा दुसरा भाग (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) यांच्यामधले सारे अंतर त्या एका क्रियापदात मावलेले आहे. एकीकडे जन्मठेप किंवा फाशी, दुसरीकडे जास्तीत जास्त दहा वर्षे. नव्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे १०३ आणि १०५ झाली, अंतर तेवढेच राहिले. शवविच्छेदन अहवालात डोक्याला एकच जखम होती, बोथट वस्तूची. कुऱ्हाड घटनास्थळी होती, पण तिचे पाते वापरलेले नव्हते. आणि ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या उलटतपासणीत मी रजिस्टर मागवले, तेव्हा 'सोबत आणणारा' या रकान्यात एकच शब्द निघाला: भाऊ. जखमीला टेम्पोत घालून रुग्णालयात आणणारा आरोपीच होता, आणि फिर्यादीत किंवा दोषारोपपत्रात त्याचा उल्लेखही नव्हता. तो पहिल्या दिवशीच 'कबूल आहे' म्हणून मोकळा झाला असता तर ते रजिस्टर कोणी उघडले नसते. त्याला ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली सात वर्षांची शिक्षा झाली. वहिनीचे त्या शिक्षेने समाधान झाले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. निकालाच्या दिवशी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरलेलो नाही.

अमेरिकेतील लाफ्लर विरुद्ध कूपर हा २०१२ चा निकाल वाचताना मला हा खटला आठवला होता. कूपर याने एका स्त्रीवर गोळ्या झाडल्या, ती वाचली. सरकारने त्याला ५१ ते ८५ महिन्यांच्या शिक्षेचा प्रस्ताव दिला. त्याच्या वकिलाने सल्ला दिला की गोळ्या कमरेखाली लागल्या आहेत, त्यामुळे जिवे मारण्याचा उद्देश सिद्धच होणार नाही, प्रस्ताव नाकारा. कायद्याचे प्राथमिक ज्ञान असलेला कोणीही हा सल्ला देणार नाही. खटला चालला आणि शिक्षा झाली १८५ ते ३६० महिन्यांची. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सौद्याच्या टप्प्यावरही सक्षम वकिलाचा सल्ला मिळणे हा आरोपीचा घटनात्मक हक्क आहे. माझा आरोपी वकिलाशिवाय कबुली देऊन फसला असता. कूपर वकिलाचे ऐकून फसला.

आता आपल्याकडील कायदा. प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा, भारतात आहे, पण खुनासाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाला ही कल्पना सुरुवातीला अजिबात रुचली नव्हती; १९७६ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या अन्नभेसळीच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तिच्यावर कठोर शब्दांत टीका केली. पुढे विधी आयोगाने १४२ व्या आणि १५४ व्या अहवालांत तिची शिफारस केली आणि ५ जुलै २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत तिचे स्वतंत्र प्रकरण आले, जे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रियांविरुद्धचे आणि मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. म्हणजे ३०२ तर नाहीच, पण माझ्या त्या शेतकऱ्याचे ३०४ सुद्धा त्यात बसत नाही.

गुन्हा कबूल केल्यास न्यायाधीशांनी ते नोंदवावे आणि 'स्वेच्छानिर्णयाने' दोषी ठरवावे, असे मात्र सत्र खटल्यांसाठी पूर्वीही लिहिलेले होते आणि आजही आहे. त्या 'स्वेच्छानिर्णया'चा वापर खुनाच्या खटल्यात न करण्याचा शिरस्ता आपल्या न्यायाधीशांनी पाळला, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईतच घडले. २० जुलै २००९ रोजी, शंभराहून अधिक साक्षीदार तपासून झाल्यानंतर, अजमल कसाबने विशेष न्यायालयात अचानक गुन्हा कबूल करत असल्याचे सांगितले. विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी तो डावपेच असल्याचे म्हटले, कारण त्या कबुलीत त्याने स्वतःचा वाटा कमी करून मेलेल्या साथीदारावर बराच भार टाकला होता. न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी ती कबुली अभिलेखावर घेतली आणि खटला चालूच ठेवला. तेव्हा अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटला. चौकात लटकवा, असे सांगणारे तर पहिल्या दिवसापासून होतेच. पण खटला चालला म्हणूनच प्रत्येक ठिकाणचा पुरावा शपथेवर नोंदला गेला, आणि त्या आधारावरची फाशी उच्च न्यायालयात २०११ मध्ये व सर्वोच्च न्यायालयात २९ ऑगस्ट २०१२ रोजी टिकली.

त्याच खटल्यात आणखी दोन भारतीय आरोपी होते, आणि ते दोघे पुराव्याअभावी निर्दोष सुटले. त्यांतील फहीम अन्सारी याचे वकील शाहिद आझमी यांचा मुद्दा साधा होता: हल्लेखोराच्या रक्ताने माखलेल्या खिशातून जो नकाशा निघाल्याचे सांगता, त्यावर रक्ताचा डाग कसा नाही? आझमी यांची ११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडून हत्या झाली. निकाल त्यानंतर तीन महिन्यांनी लागला. तो ऐकायला ते नव्हते.

कसाबसाठी वकील मिळवणे हाच एक खटला होऊन बसला होता. वकील संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला होता. अंजली वाघमारे यांची न्यायालयाने नेमणूक केली, तर त्यांच्या घरासमोर जमाव जमून निदर्शने झाली. पुढे त्या एका साक्षीदाराच्याही वकील असल्याचे निघाल्यामुळे त्यांना दूर व्हावे लागले आणि अब्बास काझमी, नंतर के. पी. पवार यांनी काम पाहिले. वकील संघटनांच्या अशा ठरावांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात स्पष्ट सांगितले की ते घटनाबाह्य आणि वकिलीच्या नीतीला सोडून आहेत. असे ठराव त्यानंतरही होतात. मी ज्या न्यायालयात काम करतो तेथेही एका बालिकेच्या खुनानंतर असा ठराव झाला, टाळ्या वाजल्या, आणि त्यानंतर मुळात दिवाणी कामे करणारा एक तरुण वकील न्यायमित्र म्हणून, म्हणजे न्यायालयानेच आरोपीसाठी दिलेला वकील म्हणून, खटल्यावर नेमला गेला. आपण आरोपीला शिक्षा केली अशी समजूत करून घेणाऱ्या आमच्या संघटनेने खरे तर भविष्यातील अपिलाला पहिला मुद्दा पुरवला होता. २०१९ च्या अनोखीलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके तेच केले: न्यायमित्राला तयारीला वेळच दिला नव्हता म्हणून फाशीची शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला, आणि फाशी वा जन्मठेपेच्या खटल्यात किमान दहा वर्षे वकिली केलेला न्यायमित्र व तयारीला साधारण किमान सात दिवस हवेत असा दंडक घालून दिला.

सौदा आपल्याकडे खुनात नाही असे मी वर म्हटले, ते कागदावरचे झाले. एक मार्ग कायद्यानेच ठेवला आहे, तो माफीच्या साक्षीदाराचा. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडात आरोपींचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि राजेंद्र जक्कल व इतर तिघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. माफी मिळाली तरी तो साक्षीदार, आधीच जामिनावर नसेल तर, खटला संपेपर्यंत कोठडीत राहतो, खरे लपवले तर माफी जाते, आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर न्यायालये सहसा शिक्षा देत नाहीत. हा मला अमेरिकी पद्धतीपेक्षा प्रामाणिक सौदा वाटतो, कारण येथे माहिती हाच मोबदला आहे आणि ती उघड न्यायालयात उलटतपासणीतून तावून निघते. मुंबईवरील हल्ल्यासाठी आधी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीच्या बाबतीत तर दोन्ही पद्धती एकमेकींना भेटल्या. मार्च २०१० मध्ये शिकागोत त्याने गुन्हा कबूल केला, त्या बदल्यात फाशी आणि भारताकडे प्रत्यार्पण दोन्ही टळले, आणि २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. मुंबईत १६६ माणसे गेली असताना येथे अनेकांना तो सौदा जिव्हारी लागला, आणि ते स्वाभाविकच होते. आमच्या मृतांच्या वतीने वाटाघाट करायला तुम्हाला कोणी सांगितले, हा प्रश्न कोणालाही पडेल. पुढे मुंबईच्या न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हिडिओद्वारे त्याची साक्ष झाली.

दुसरा मार्ग कायद्यात नाही, तो गावात आहे. खुनाचा गुन्हा तडजोडपात्र नाही, तरी दोन्हीकडची माणसे बसतात, जमीन किंवा पैसे ठरतात, आणि तारखेला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकापाठोपाठ एक फितूर होतात. हा सौदाच असतो. त्यावर न्यायाधीशांची सही नसते, मयताच्या विधवेला कोणी विचारलेले नसते, आणि आरोपी 'निर्दोष' होऊन सुटतो. म्हणून, आपल्याकडे खुनात सौदा चालत नाही असे अभिमानाने सांगणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. पण अमेरिकेसारखी पद्धत खुनासाठी आणावी या मताचाही मी नाही. आपल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. पाच वर्षे जामिनाविना काढलेल्या माणसाला 'दहा वर्षांवर सही कर, अर्धी भोगून झालीच आहेत' असे सांगितले तर तो खून केलेला असो वा नसो, सही करील. महाराष्ट्रातील भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी सुनावली आणि त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये त्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तुरुंगात काढलेल्या सोळा वर्षांत त्यांना जन्मठेपेचा सौदा कोणी देऊ केला असता, तर किती जणांनी नाकारला असता?

राहिला शेवटचा प्रश्न. वकिलाने आरोपीच्या दोषाविषयीचे स्वतःचे मत बाजूला ठेवून त्याचा बचाव करावा, असे बार कौन्सिलच्या नियमांतच आहे. याचा अर्थ खोटी कहाणी रचावी असा होत नाही. गुन्हा केला आहे असे अशिलाने मला सांगितले असेल, तर दुसऱ्याच कोणी केला असे मी न्यायालयात म्हणणार नाही. पुरावा पुरेसा नाही, किंवा गुन्हा दुसऱ्या कलमात बसतो, हे मात्र म्हणेन. आणि अशील कबूल करायला तयार नसेल तर मी परस्पर कबूल करून टाकणार नाही. लुइझियानातील मकॉय याच्या वकिलाने फाशी टाळण्याच्या हेतूने ज्युरीसमोर तेच केले, आणि २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी खुनाचा तो खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला.

तेव्हा, मी घेतले असते का? घेतले असते. पहिल्या भेटीत 'तू मारलेस का' हे विचारले नसते. शवविच्छेदन अहवालाची आणि रुग्णालयाच्या रजिस्टरची प्रत मागितली असती.